हळद : फोडणीतली, चेहऱ्यावरची आणि कॅप्सूलमधली

नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीत चॅटहॅम स्ट्रीटच्या बाजूला भारतीय वाणसामानाच्या दुकानात शिरलं की हळद निदान तीन ठिकाणी दिसते. भाज्यांत, आल्याच्या शेजारी, ओली हळद. मसाल्यांच्या मांडणीवर पूड. आणि कापूर-उदबत्तीजवळ पूजेची हळद, कुंकवाच्या जोडीने. तिथून पुढे एखाद्या औषधाच्या दुकानात गेलात तर ‘करक्युमिन’ नावाच्या कॅप्सूलच्या बाटल्या रांगेने उभ्या असतात आणि त्यांवर सांधे, त्वचा, मेंदू, यकृत अशा सगळ्यांच्या भल्याची हमी असते.

झाड एकच. पण आमटीतली चिमूट, उटण्यातला चमचा आणि बाटलीतली कॅप्सूल शरीराशी एकसारख्या वागत नाहीत. हळदीचा फायदा समजून घ्यायचा तर प्रत्येक वेळी तीन गोष्टी विचाराव्या लागतात: किती, कशासोबत आणि किती शुद्ध. हा लेख त्याच क्रमाने जातो.

मातीतून डब्यापर्यंत

आपण जिला मुळी म्हणतो ती खरं तर जमिनीखाली वाढणारं खोड आहे. सांगली, हिंगोलीतलं वसमत, वर्ध्याजवळचं वायगाव ही महाराष्ट्रातली हळदीची नावाजलेली ठिकाणं. तिन्हींच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. पीक साधारण नऊ महिन्यांचं. पाला वाळला की काढणी होते. मधला जाडजूड कंद म्हणजे जेठा गड्डा, त्याच्या बाजूचे बगल गड्डे आणि त्यांना फुटलेली बोटं म्हणजे हळकुंडं.

ओल्या हळदीत जवळजवळ ऐंशी टक्के पाणी असतं. ती तशीच वाळत घातली तर बाहेरून सुरकुतते, आतून ओलसर राहते आणि तिला कोंबही फुटू शकतात. म्हणून ती आधी शिजवतात. पूर्वी मोठ्या काहिलीत, आता बऱ्याच ठिकाणी वाफेच्या बॉयलरमध्ये. शिजताना फेस येतो, हळदीचा उग्र वास सुटतो, आणि काडी टोचली की ती आरपार गेली पाहिजे. शिजवल्याने आतला स्टार्च फुगून एकजीव होतो, रंग सगळीकडे सारखा पसरतो आणि कंद एकसमान वाळतो. मग दहा-पंधरा दिवस ऊन. नीट वाळलेलं हळकुंड मोडलं की ‘खट्’ असा खणखणीत आवाज येतो. वाकलं तर अजून कच्चं आहे. शेवटी फिरत्या ड्रममध्ये घासून वरची खरबरीत साल काढतात. याला पॉलिश म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा लागणार आहे.

दळलेल्या पुडीत निम्म्याहून जास्त भाग स्टार्चसारख्या कर्बोदकांचा असतो. थोडं उडणारं तेल असतं, वास त्याचा. आणि पिवळा रंग देणारी करक्युमिनच्या कुळातली द्रव्यं साधारण तीन टक्के. जातीप्रमाणे दोनपासून आठ-नऊ टक्क्यांपर्यंत. औषधी गुणांची बहुतेक चर्चा याच तीन टक्क्यांबद्दल चालते.

आता हिशोब करू. चौघांच्या आमटीला अर्धा चमचा, म्हणजे सुमारे दीड ग्रॅम हळद पडली असं धरा. त्यात करक्युमिन जेमतेम ४५ मिलिग्रॅम, म्हणजे माणशी अकरा. बाजारातल्या ५०० मिलिग्रॅमच्या, ९५ टक्के अर्काच्या एका कॅप्सूलमध्ये ते ४७५ मिलिग्रॅम असतं. एक कॅप्सूल म्हणजे आमटीच्या चाळीसहून अधिक वाट्या एका घोटात. आजी आयुष्यभर हळद खात होती म्हणून कॅप्सूलही निर्धोकच, हा युक्तिवाद इथेच अडखळतो. आजीने एवढी हळद कधी खाल्लेलीच नसते.

पोटात गेल्यावर

करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. थंड पाण्याच्या पेल्यात हळद ढवळून पाहा: पाणी पिवळं दिसतं, पण थोड्या वेळाने पूड तळाशी बसते. तीच हळद गरम तेलात टाकली की तेलाला क्षणात रंग चढतो. पोटातही असंच. सोबत स्निग्ध पदार्थ नसेल तर बरंचसं करक्युमिन आतड्यातून तसंच पुढे निघून जातं. जे आत शिरतं त्याला आतड्याचं अस्तर आणि यकृत मिळून ताबडतोब दुसरे रेणू चिकटवतात आणि बाहेरची वाट दाखवतात. त्यामुळे नुसतं करक्युमिन खाल्लं तर रक्तात ते मोजता येईल इतकंही क्वचितच सापडतं.

१९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी स्वयंसेवकांना दोन ग्रॅम करक्युमिनसोबत मिरीतलं पायपरिन २० मिलिग्रॅम दिलं, तेव्हा रक्तात पोचणारं प्रमाण वीस पटींनी वाढल्याचं दिसलं. हा आकडा आज प्रत्येक बाटलीवर मिरवतो. तो खरा आहे, पण दोन गोष्टी सोबत ठेवूनच वाचावा. एक, मुळात अगदी नगण्य असलेल्या प्रमाणाची ती वीस पट आहे. दोन, पायपरिन हे काम यकृत-आतड्याची सफाई मंदावून करतं, आणि ही सफाई फक्त हळदीची नसते. रोजच्या काही औषधांची पातळीही त्यामुळे वर-खाली होऊ शकते.

स्वयंपाकापुरतं सांगायचं तर आपली पद्धत बरोबरच आहे. फोडणीत तेल तापलं, मोहरी तडतडली की हिंग-हळद टाकायची आणि लगेच भाजी किंवा वरण ओतायचं. हळद तेलात विरघळते आणि जळतही नाही. जळली की कडवट होते. हळदीच्या दुधातही साय काढलेलं दूध घेण्यापेक्षा पूर्ण स्निग्धांशाचं दूध किंवा अर्धा चमचा तूप आणि दोन-तीन मिऱ्यांची भरड हवी. मिनिटभर उकळी आली की झालं. सर्दीत या दुधाने घसा शेकला जातो, झोप बरी लागते. सर्दी मात्र आपल्या वेळेलाच जाते.

फायदा कुठे दिसला, कुठे नाही

प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीत करक्युमिन जवळपास प्रत्येक गोष्टीवर परिणाम करताना दिसतं. कर्करोगाच्या पेशी, जिवाणू, सूज वाढवणारी प्रथिनं, सगळ्यांवर. याचं एक कारण गैरसोयीचं आहे: हा रेणू अस्थिर आहे, अनेक प्रथिनांना चिकटतो आणि स्वतः चमकतो, त्यामुळे चाचण्यांची यंत्रंच फसतात. २०१७ साली औषधी रसायनशास्त्राच्या एका अमेरिकी नियतकालिकात करक्युमिनचा सविस्तर आढावा आला. तोवरच्या एकाही दुहेरी-अंध, नियंत्रित मानवी चाचणीत करक्युमिन निर्विवाद यशस्वी ठरलेलं नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. ‘हळदीने कर्करोग पळाला’ छापाचे निरोप फिरतात तेव्हा अर्ध्या हळकुंडाने पिवळं होऊ नये, ते यासाठी.

तरी पाटी कोरी नाही. गुडघ्याच्या झिजेत अर्क घेतलेल्यांना बनावट गोळी घेतलेल्यांपेक्षा दुखणं काहीसं कमी जाणवल्याचं अनेक छोट्या चाचण्यांतून पुढे आलं आहे. २०२३ साली थायलंडमधल्या एका चाचणीत अपचनाच्या रुग्णांना करक्युमिनने ओमेप्राझोल या नेहमीच्या औषधाइतकाच आराम पडला. दोन्हींत मात्रा कॅप्सूलची होती, आमटीची नव्हे. आमटीतल्या हळदीचं श्रेय वेगळं आहे. ती डाळ-भाजीला चव देते आणि चव आली की माणूस डाळ-भाजी खातो.

चेहऱ्यावर

‘पी हळद अन् हो गोरी’ ही म्हण उतावळेपणाला टोमणा म्हणून आली, पण सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिराती ती अक्षरशः घेतात. त्वचेचा मूळ रंग मेलॅनिन ठरवतं आणि तो जन्माने मिळतो. हळदीने तो बदलत नाही. दिसते ती पिवळी झाक, आणि ती त्वचेच्या सगळ्यात वरच्या, मृत पेशींच्या थरावर बसलेली असते.

उटण्याचं काम वाटून घेतलेलं आहे. डाळीचं पीठ किंवा मसूरडाळ घासून मळ आणि मृत पेशी काढते. साय किंवा तेल कोरडेपणा घालवतं. हळद सौम्य जंतुरोधक आणि सूज उतरवणारी म्हणून असते. अंघोळीनंतर येणारी तकाकी बरीचशी पहिल्या दोघांची असते. मुरमं, सोरायसिस, उन्हाने रापलेली त्वचा यांवर हळदीच्या काही चाचण्या उत्साहवर्धक आहेत, पण त्या लहान आहेत.

जखमेवर हळद दाबणं मात्र आपल्या घराघरात इतकं मुरलेलं आहे की त्यावरून अमेरिकेत लढाई झाली. १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याबद्दल चक्क पेटंट मिळालं. गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा वैद्यकीय शोधनिबंध पुढे ठेवून दाखवलं की यात नवं काहीच नाही. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. त्या निकालाने हळदीवर कुणाची मक्तेदारी नाही हे ठरलं. ती जखमेवर उत्तम औषध आहे की नाही, याचा निवाडा पेटंट कार्यालयाचं काम नव्हतं. खोल किंवा भळभळणाऱ्या जखमेत स्वयंपाकघरातली पूड कोंबू नये. ती निर्जंतुक नसते.

लग्नाची हळद लागणार असेल तर थोडी तयारी आधी करावी. काहींना हळदीची ॲलर्जी असते, म्हणून आठवडाभर आधी कोपराच्या आतल्या बाजूला बोटभर लेप लावून दोन दिवस वाट पाहा. खाज किंवा पुरळ आलं तर त्या व्यक्तीला नावापुरती चिमूटच लावा. लेपाआधी अंगाला तेलाचा पातळ हात फिरवला की रंग कमी धरतो. चेहरा पिवळा राहिलाच तर साबण घासत बसू नका. खोबरेल तेल चोळून कापसाने पुसा. जी गोष्ट तेलात विरघळते ती तेलानेच निघते.

कपड्यांचं तंत्र याच रसायनात आहे. पांढऱ्या सदऱ्यावरचा डाग धुवायला घेतला की लालभडक होतो आणि आपण घाबरतो. साबण अल्कधर्मी असतो आणि अशा द्रव्यात करक्युमिन लाल होतं. हळदीला चुना किंवा टाकणखार लावून कुंकू करायची जुनी रीत यावरच उभी आहे. साबण धुऊन गेला, वाटल्यास पाण्यात थोडं व्हिनेगर घातलं, की रंग परत पिवळा होतो. मग ओला सदरा कडक उन्हात टाका. करक्युमिन प्रकाशात तुटतं आणि डाग उडतो. कॅरीच्या जुलैतलं ऊन या कामाला पुरेसं आहे. भाड्याने घेतलेल्या हॉलच्या खुर्च्या मात्र उन्हात नेता येत नाहीत, त्यांवर आधीच जुनी चादर टाकलेली बरी.

कॅप्सूल घेण्याआधी

अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार पूरक आहार म्हणून विकली जाणारी कॅप्सूल बाजारात आणण्याआधी अन्न व औषध प्रशासनाची परवानगी लागत नाही. ती औषधासारखी दिसते, पण औषधाची कसोटी दिलेली नसते.

औषधांमुळे यकृताला होणाऱ्या इजेची नोंद ठेवणारं एक राष्ट्रीय जाळं अमेरिकेत आहे आणि त्याच्या माहितीचं काम कॅरीपासून अर्ध्या तासावर, डरहॅमच्या ड्यूक विद्यापीठातल्या संस्थेत चालत आलं आहे. या जाळ्याने २०२२ साली हळदीच्या कॅप्सूलशी जोडलेल्या १० रुग्णांचा अहवाल दिला. त्यांतल्या पाचांना रुग्णालयात दाखल करावं लागलं आणि एकाचा मृत्यू झाला. दहापैकी सात जणांत एक विशिष्ट जनुकीय खूण सापडली. म्हणजे बहुतेकांना काही होत नाही. पण ज्याच्या अंगात ती प्रवृत्ती आहे त्याला ती आधी कळत नाही. काही नमुन्यांत मिरीचं पायपरिनही मिळालं. शोषण वाढवणारी युक्ती धोकाही वाढवू शकते.

कॅप्सूल सुरू केल्यावर लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली किंवा भूक मेली, तर ती त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जावं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पित्ताशयात खडे असतील, शस्त्रक्रिया जवळ आली असेल, तर विचारल्याशिवाय सुरूच करू नये. हळदीत ऑक्झलेट बरंच असतं, म्हणून मूतखड्याची खोड असलेल्यांनी चमच्या-चमच्याने हळद खायचे प्रयोग टाळावेत. डॉक्टर ‘कोणती औषधं घेता’ असं विचारतात तेव्हा भारतातून आलेले आई-बाबा ‘हळद काय, घरचीच’ म्हणून कॅप्सूलचं नाव गाळतात. ती नावानिशी, मिलिग्रॅमसकट सांगावी.

पिवळेपणाची किंमत

आता पॉलिशकडे परत येऊ. १९८० च्या दशकात बांगलादेशात पुराने हळद भिजली, काळवंडली. ती विकली जावी म्हणून काही व्यापाऱ्यांनी पॉलिश करताना लेड क्रोमेट टाकायला सुरुवात केली. हा रंगकामातला झळझळीत पिवळा रंग, आणि त्यात शिसं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आणि बांगलादेशातल्या संशोधकांनी २०१९ साली हे उघड केलं. सरकारने गिरण्यांवर छापे घातले, दंड केले, आणि शिसं आढळणाऱ्या नमुन्यांचं प्रमाण ४७ टक्क्यांवरून २०२१ पर्यंत शून्यावर आलं. भारतातल्या काही शहरांच्या बाजारांतही अशी हळद मिळाल्याचं नंतरच्या अभ्यासांत दिसलं आहे.

हे कॅरीपासून दूरचं वाटतं, पण नाही. नॉर्थ कॅरोलिनात २०११ ते २०१८ या काळात लहान मुलांच्या रक्तात जास्त शिसं आढळलं म्हणून ९८३ घरांची तपासणी झाली. त्यांतल्या काही घरांत शिसं असलेले मसाले, जडीबुटीची औषधं किंवा कुंकू-शेंदुरासारख्या पूजेच्या पावडरी सापडल्या. २०२३ साली याच राज्यातल्या हिकोरीत मुलांच्या रक्ततपासणीवरून दालचिनी घातलेल्या सफरचंदाच्या गराचा देशभर गाजलेला प्रकार उघडकीला आला. दालचिनीत तेच लेड क्रोमेट असावं, असं तपासणीतून दिसलं.

शिसं मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधक आहे आणि त्याची सुरक्षित अशी पातळी नाही. घरी पाण्यात हळद टाकून करायच्या चाचण्यांनी शिसं खात्रीने ओळखता येत नाही. साधे उपाय जास्त कामाचे. भारतातून सुटी, बिननावाची हळद सूटकेसमधून आणू नका. पाकिटावर उत्पादक, लॉट क्रमांक आणि तारीख असलेलीच घ्या. अस्वाभाविक झगझगीत हळकुंडापेक्षा जरा मातकट दिसणारं पत्करा. पूजेची हळद पूजेपुरतीच ठेवा, डब्यात मिसळू नका. शेंदूर आणि कुंकू रांगत्या बाळाच्या हाताबाहेर असू द्या. आणि मूल एक-दोन वर्षांचं असताना बालरोगतज्ज्ञांकडे रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या. हल्ली दर डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅमपासून पुढे लक्ष घालतात.

कुंडीतली हळद

शुद्धतेची खात्री घरच्या कुंडीइतकी कुठेच नाही, आणि कॅरीचा दमट उन्हाळा हळदीला मानवतो. फक्त हंगाम तोकडा पडतो, म्हणून सुरुवात घरात करावी. मार्चमध्ये डोळे फुगलेली ओली हळद निवडून ती उबदार जागी, ओलसर मातीत दोन इंच खोल ठेवा. वाळलेलं हळकुंड शिजवलेलं असतं, ते रुजत नाही. कोंब यायला महिनाही लागतो. उकरून बघू नका. एप्रिलअखेरीस रात्रीचा गारठा गेला की पंधरा इंची कुंडीत, खाली भोकं आणि वर भुसभुशीत माती, दुपारी सावली मिळेल अशा जागी बाहेर ठेवा.

श्रावण येईतो पानं हातभर लांब होतात. नागपंचमीला त्यांतली चार कापून घ्यावीत, तांदळाच्या पिठाचा थर द्यावा, मधे गूळ-खोबऱ्याचं सारण, पान दुमडून वाफवायचं. पातोळ्यांना येणारा तो वास पानातल्या उडत्या तेलाचा असतो आणि तो कुठल्याही पाकिटात मिळत नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या कडक थंडीआधी कुंडी उलटी करा. बोटं सांगलीइतकी जाड भरणार नाहीत. ओली हळद वाळून पाचवा भाग उरते, म्हणजे वर्षाचा डबा दुकानातूनच भरावा लागेल. कुंडीतला माल लिंबू-मीठ घालून लोणच्याला आणि हिवाळ्यातल्या दुधाला वापरा, आणि दोन चांगले गड्डे घरात कोरड्या मातीत ठेवा; पुढच्या मार्चला बियाणं विकत घ्यायची गरज पडणार नाही.